हातभर अंतर

हिद्दच्या गोदीत मी दिवसभर जहाजं रंगवतो.
पाचशे फूट पोलाद, शिडी, नळी, तोंडावर मुखवटा,
आणि खालून फोरमनचा एकच धोशा:
जाडी मोज, मुकादम, जाडी मोज.
रात्री माझ्यासमोर
बोटाच्या पेराएवढा एक भालाईत उभा असतो
खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर, चिकटमातीत पाय रोवून,
आणि माझा हात थरथरतो.

हे वेड आर्नेलचं. वरच्या बंकवरचा, सेबूचा.
पहिल्याच शुक्रवारी म्हणाला, मनगटं टेबलाला टेकव,
मग दोन्ही हात एकमेकांना.
थरथरायचं तर दोघं मिळून थरथरू देत,
ब्रश हलणार नाही.

प्राइमर शिकवला तो ऐन ऑगस्टात, आणि तिथे तोही चुकला.
गच्चीवर फवारा मारला; रंग हवेतच सुकला,
सैनिकांच्या अंगावर जणू कुणी रवा सांडला.
रात्रभर जुन्या टूथब्रशने घासत बसलो.
दुसऱ्यांदा जिन्याच्या दारात, एसीची हवा येते तिथे,
वॉचमनची बोलणी खात.

रंग दुधासारखा हवा, सायीसारखा नको.
डब्याच्या झाकणात ओला स्पंज, वर बेकरीचा कागद,
त्यावर रंग तासभर जिवंत राहतो.
पहिला हात फिका दिसतो. दिसू दे.
तो वाळेपर्यंत चहा कर, मग दुसरा हात.
(गोदीतही हेच सांगतात. फक्त तिथे ओरडून.)

मग तपकिरी पाणी.
सोडायचं आणि नुसतं बघत बसायचं.
कुठे जायचं ते त्याचं त्याला ठाऊक असतं:
चिलखताच्या खाचेत, काखेत, कपाळाच्या आठीत.
सुपारीच्या बागेत पाट सोडल्यावर
पाणी आळ्याआळ्यातून असंच चालत जातं.
हे आर्नेलला कसं सांगावं ते सुचलं नाही.

शेवटी कोरडा ब्रश.
रंग घ्यायचा आणि चिंधीवर पुसून टाकायचा,
जवळजवळ सगळा.
उरतो तेवढाच उंचवट्यांना लागतो
आणि भाल्याची धार एकदम चकाकते.
एवढा रंग फुकट? मी म्हटलं.
तो हसला. पगाराचा दिवस आठव, म्हणाला,
घरी पाठवून उरतो, त्यावरच चाललंय ना आपलं?

फेब्रुवारीत त्याचं कंत्राट संपलं.
दोन तासांत बॅग भरली, तिसऱ्या तासाला बंकवर दुसरा माणूस.
माझ्याकडे सातजण राहिले,
त्यातल्या दोघांचे पाय अजून राखाडी,
एकाचा भाला वाकडा. गरम पाण्यात बुडवून सरळ केला.

परवा तहूराला व्हिडिओवर दाखवले.
दाभोळचं नेटवर्क, तिचा चेहरा चौकटीचौकटीत फुटत होता.
अब्बा, यांना डोळेच नाहीत.
म्हटलं, डोळे काढायला गेलो
की सगळेच घाबरलेले दिसतात गं.
म्हणून भुवईखाली फक्त सावली ठेवली.
जवळून नको बघू. थांब, मी लांब धरतो.
धरला हातभर लांब.
हां, म्हणाली, आता बघतोय. माझ्याकडेच बघतोय.

मग तिची आई आली.
तिच्याशी बोलताना फोन
मी आधीपासूनच हातभर लांब धरतो.
जेवलास का, म्हणाली. चेहरा बरा दिसतोय आज.

आता फक्त तळाच्या चकत्यांची कड राहिली आहे, काळी करायची.
आर्नेल म्हणायचा, बाकी चुकलं तरी खपतं,
कड मात्र स्वच्छ हवी,
सगळं काम नीट झाल्यासारखं वाटतं.
पाच झाल्या. सहावीला ब्रशचा एक केस चिकटलाय,
तो सुईच्या टोकाने काढतोय.
बस पावणेपाचला.